नेत्रसेवा

सातपूरच्या लिलावात पप्पांनी मॅटाडोर घेतली,
साडेअकरा हजारांना, टायरांसकट.
आधी ती गावोगाव डोळे तपासत फिरायची.
बाहेरचं 'मोफत नेत्रसेवा' पप्पांनी हिरव्या रंगाखाली पुरलं,
पण उन्हात ते परत वर यायचं,
'मोफत' तर फारच ठसठशीत.

कंपनीतल्या भंगाराच्या पट्ट्या वेल्ड करून दोन बंक,
स्टोव्ह घसरू नये म्हणून कडं, पाण्याला पिंप,
खिडक्यांना आईची जुनी गार्डन साडी, चार तुकड्यांत.
मागच्या दारावर आतून अक्षरांचा तक्ता तसाच राहिला.
वर एकटा भलामोठा र,
खाली ट ग,
आणि खाली खाली मुंगीएवढी होत गेलेली मुळाक्षरं.
पप्पा म्हणाले, असू दे,
घर म्हटलं की भिंतीवर काहीतरी लागतंच.

निघालो तेव्हा सिडकोतली सगळी लाइन ओट्यावर.
तांबटकाकूंनी विचारलं, "अहो, कुणाचे डोळे आलेत?"
आई काही बोलली नाही. बरणी मांडीवर घेऊन पुढे बसली.

ब्याण्णवचा मे.
तिथलचा समुद्र बघायचा होता,
पेठ, धरमपूर, वलसाड, असा कागद काचेपाशी खोचलेला.
(बघितला का? मी म्हणते हो,
हेमंत म्हणतो, ती दमणगंगा होती.)

रामशेज मागे पडला तसा खेळ सुरू झाला.
"चारू, त्या पाटीवर काय? हेमंत, दगडावर किती?"
आम्ही बेंबीच्या देठापासून वाचायचो:
पेठ एकोणचाळीस. वळण. आवाज द्या.
गावठी कोंबडी मिळेल.
बरोबर आलं की एक लिमलेटची गोळी.
आम्हाला वाटायचं, पप्पा आमचं वाचन पक्कं करतायत.

सावळघाटात इंजिनानं पाणी उकळून फेकलं.
करवंदं विकणारी एक पोर टोपली सोडून आली,
वाफेकडे बघत राहिली, आणि पुन्हा टोपलीपाशी गेली.
रात्र तिथेच. दशम्या, कांदा,
बॉनेटवर वाळत घातलेले पप्पांचे मोजे.

मग हेमंतला डॉक्टर व्हायची हुक्की आली.
बॅटरीचा झोत तक्त्यावर धरून त्यानं एकेकाला उभं केलं.
मी शेवटून दुसरी ओळ. आईनं शेवटची वाचली,
शिवाय कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव.
पप्पा म्हणाले, झोपा आता.
मग उठले. बंकाला टेकून उभे राहिले.
र. ट ग. न प क.
धडाधड, जिना उतरावा तसे.
तेवढ्यात सेल संपले.
मिट्ट काळोख,
आणि पप्पा वाचत राहिले.
व ल स. ध य म ह.
एकही चूक नाही.

कुणी हसलं नाही.
पप्पा टर्नर. केसाएवढा फरक नखानं ओळखायचे,
म्हणून कंपनीत कुणाला शंका आली नसेल,
आणि घरी तर आम्ही होतोच, पाट्या वाचायला.
आई म्हणाली, "कधीपासून?"
पप्पा म्हणाले, "डिकीत सेल असतील बघ."

सकाळी मला वाटलं, आता परत फिरणार.
आईनं आम्हाला मागे पिटाळलं, पदर खोचला
आणि वाचायला लागली.
आवाज आधी कोरडा, रेशनच्या रांगेत निघतो तसला.
डावीकडे वळण. पुढे शाळा. बैलगाडी.
ट्रक, ट्रक, ट्रक. गेला.
पप्पा नुसते हं, हं म्हणत होते.

करंजाळीच्या पुढे मी पडदा सारून पाहिलं
तर रस्त्याला पाटीच नव्हती.
करपलेली खाचरं, एक मोहाचं झाड,
आणि आई वाचतच होती,
तशाच आवाजात, काचेतून सरळ समोर बघत:
"तेरा वर्षं. बायकोला न सांगता."
थोडं थांबून, "सावकाश."

पप्पांनी गियर खाली घेतला.